सुपाएवढी जागा

एकतीस नंबरच्या क्वार्टराच्या मागल्या अंगणातून फक्कीची पांढरी रेघ गेली होती. काल संध्याकाळी ती नव्हती. सोपानराव सकाळच्या फेरीला निघाले होते, हातात काठी, अंगात कंपनीचा खाकी कोट. रेघ दिसली तसे त्यांचे पाय थांबले, आणि पाय थांबल्यावरही आपण दोन पावलं पुढे गेलो असं त्यांना वाटलं. रेघ अठ्ठावीसच्या मोरीपासून निघाली होती. एकोणतीस. तीस. तीसच्या तारेखालून ती एकतीसच्या अंगणात शिरली होती आणि भिंतीलगत जी सुपाएवढी उघडी जमीन होती, जिच्यात काही उगवत नसे, नेमकी तिच्यावरून पुढे गेली होती. तेवढ्या जागेत ती जरा जाड झाली होती. फक्की मारणाऱ्याचा हात तिथे रेंगाळला असेल. किंवा वारा असेल. वाऱ्यावर घालता येतं म्हणून सोपानरावांनी ते वाऱ्यावर घातलं.

"रामराम, पाव्हणं," चर खणणाऱ्या टोळीचा मुकादम ज्योतीराम तारेपलीकडे बसून तंबाखू मळत होता. तो लातूरकडचा, दोन वर्षं झाली इकडे येऊन. बोलताना हसायचा आणि हसला की बोलायचं राहून जायचं. "मोऱ्यांचं पाणी तुंबायलंय म्हणं. नळ टाकायचाय. परवाच्याला लावतो माणसं."

"किती खोल?"

"मांडीएवढं. लई झालं तर कमरंएवढं."

"जरा बाजूनं न्हाई का जमायचं?"

"सायबानं सुतळी धरून दिलीय. सुतळी काय माझ्या सासऱ्याची हाय का, बाजूला सारायला?" ज्योतीरामनं तंबाखू ओठात धरली. मग सोपानरावांच्या तोंडाकडे पाहून हसू आवरलं. "काय हाय काय तिथं?"

"काय न्हाई," सोपानराव म्हणाले.

आणि ते खरं होतं. त्या जागेत काही नाही, हे जगात एकट्या सोपानरावांना माहीत होतं. परवा खणल्यावर ते त्यांच्या बायकोला, अंबुबाईला, कळणार होतं, आणि अंबुबाईचं बोलणं पुन्हा बंद होणार होतं.

चौदा वर्षांमागे इथे कॉलनी नव्हती, जोंधळ्याचं रान होतं, सोपानरावांच्या वडिलांच्या नावावरचं. मुलगी तीन दिवस जगली. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत. बाप एकटाच घेऊन जातो, रानाच्या बांधाला पुरतो, वर मूठभर मीठ, मिठावर माती, मातीवर बोरीची काटेरी फांदी, फांदीवर दगड, आणि मागे वळून न पाहता घरी येतो. आईला जागा सांगायची नाही. का नाही, ते कुणी कुणाला सांगितलं नव्हतं; त्यांच्या घरात सांगत नसत एवढंच. अंबुबाई तापात होती. ताप उतरल्यावर तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि ह्या न विचारण्या-न सांगण्यावर नऊ-दहा वर्षं संसार बरा चालला. पुन्हा मूल झालं नाही. मग औषधाच्या कारखान्यासाठी गावाचं रान गेलं. चावडीत कागद आले, सगळ्यांनी अंगठे उठवले, सोपानरावांनीही उठवला, घरी न विचारता, कारण अशा गोष्टी घरी विचारत नसत. डोझर आला त्या दिवशी अंबुबाई रानाच्या कडेला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता तरी सांगा. कुठं हाय ती?" ते डोझरच्या मागून धावले. विहिरीपासून चाळीस पावलं, हे त्यांना पाठ होतं. पण विहीर? विहीर सकाळीच बुजवली होती. बोर? बोरी तीन होत्या आणि तिन्ही एका ढिगात मुळं वर करून पडल्या होत्या. दुपारपर्यंत बांध, ताली, पाणंद, सगळं परातीतल्या पिठासारखं एका पातळीला आलं. ते परत आले तेव्हा ती अजून तिथेच होती. "सापडंना," ते म्हणाले. ती घरी गेली.

तिचं बोलणं तेव्हा थांबलं. पहिलं वर्ष म्हशीमार्फत तरी चालायचं: "विचार त्यास्नी, कालवण वाढू का." मग म्हैस विकली. पुढची दोन वर्षं तेही नाही. ती शेजारच्या शालनबाईशी बोलायची, नदीवर धुणं धुताना हसायची, आरतीला सगळ्यांत वरचा सूर तिचा. उंबऱ्याच्या आत फक्त भांड्यांचे आवाज. राग असता तर सोसला असता. राग नव्हता. ती ताट वाढायची, पाणी ठेवायची, पाय दुखले तर तेल गरम करून वाटी जवळ सरकवायची. मात्र त्यांच्यातून पलीकडे पाहायची, जसं कडुलिंबाखाली उभं राहून कुणी कडुलिंबाकडे पाहत नाही. कॉलनी उभी राहिली. सोपानरावांना तिथेच वॉचमनची नोकरी लागली, ज्यांची जमीन गेली त्यांतल्या एकेकाला लागली तशी. आपल्याच रानात ते खाकी कोट घालून राखण करू लागले. पिकाच्या जागी माणसं. दोनशे क्वार्टरं, सारखी, पांढरी, निळ्या दारांची. दुपारी अंबुबाई फडक्यात भाकरी घेऊन फाटकापाशी यायची, द्यायची, मुकी परत जायची.

तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर, एका दुपारी, त्यांनी हात उचलला. तो कसा उचलला गेला हे त्यांनी पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे:

भाकरी घ्यायला हात वर गेला आणि वरच राहिला.

नाही. ती क्वार्टरांकडे पाहत होती, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि तिच्या पाहण्याला कुठेतरी टेकायला जागा हवी होती.

नाही. माशी होती. माशी हाकलायला.

काही असो. हात वर गेला, बोट एका दारावर जाऊन थांबलं, आणि सोपानरावांच्या तोंडून आलं, "ते. एकतीस नंबर. त्याच्या मागच्या भिंतीपाशी."

"व्हय का," अंबुबाई म्हणाली.

तीन वर्षांतले पहिले शब्द. त्या रात्री ती भरभरून बोलली, मिठाबद्दल, शालनबाईच्या सुनेबद्दल, छपराबद्दल. आणि आठवड्याच्या आत तिनं एकतीस नंबरात भांड्यांचं काम धरलं.

तिथे तेव्हा घोषबाबू म्हणून बंगाली राहायचे. घोषबाईनं मागच्या अंगणात भोपळ्याचा वेल लावला होता. त्यांच्याआधी एक पंजाबी ड्रायव्हर होता, त्यानं मुळे लावले होते. घोष मोठ्या क्वार्टरात, पस्तीसमध्ये, गेल्यावर मद्रासचे रामनाथन आले, कारखान्यात औषध तपासणारे, आणि त्यांच्या बायकोनं, विशालाक्षीनं, केळ लावली, कढीलिंब लावला, मोगरा लावला. अंबुबाई संध्याकाळी घरी येऊन हे सगळं सांगायची आणि सोपानराव ऐकायचे. पिंपरी गावातल्या त्यांच्या दोन खणांच्या घरात सांबाराचा वास येऊ लागला, कारण ती ते शिकून आली. एका संक्रांतीला तिनं तिळगुळाबरोबर नारळाचा कसलासा बंगाली लाडू केला आणि शेजारीपाजारी वाटला. "माझी मद्रासीण," ती म्हणायची. "माझी मद्रासीण पहाटं उठून दारात पिठाची रांगोळी काढती. तांदळाच्या. मुंग्यांनी खावी म्हून. आता बोला." तिच्या तोंडून सारा देश त्यांच्या घरात यायचा, चपला बाहेर काढून बसायचा, आणि सोपानरावांना आत कुठेतरी थंड वाटायचं, कारण ह्या सगळ्या बोलण्याखाली एक खिळा होता आणि तो त्यांनी हवेत ठोकला होता.

मग एक दिवस ती म्हणाली, "त्या जागंत काय लावत न्हाईत कुणी."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हंजी? भिंतीपाशी. सुपाएवढी हाय. घोषबाईचा येल तिथवर यायचा आन् वळायचा."

पंजाब्याचे मुळे सोपानरावांना आठवले. सगळ्या वाफ्यात मुळे, भिंतीपाशी नव्हते. तेव्हा त्यांनी लक्ष दिलं नव्हतं, तेव्हा ती जागा जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी फेरीत ते मुद्दाम मागून गेले. विशालाक्षी केळीला पाणी घालत होती, कडेवर दोन वर्षांची मुलगी. पाणी केळीला, कढीलिंबाला, मोगऱ्याला. मग बादली उचलून ती त्या उघड्या जमिनीला वळसा घालून गेली, जसं कुणी निजलं असलं तर आपण वळसा घालतो. आणि त्या जमिनीभोवती, पुढच्या दारात असते तशी, पिठाच्या ठिपक्यांची रांगोळी होती.

"अम्मा, हे इथं का काढलं?"

"मालूम नै, वाचमन." ती स्वतःही पाहत राहिली. "आज सुबेला हात गया इधर."

तिथे काही नाही, त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. तिथे काही नाही, मी माशी हाकलत होतो. ते फाटकाकडे गेले आणि फाटकाच्या सळ्या मोजत बसले, उगीच, कुठेतरी सारख्या अंतरावर सारख्या गोष्टी आहेत हे पाहायला.

हे सगळं त्या फक्कीच्या रेघेच्या आधीचं. आता रेघेच्या दिवशी दुपारी अंबुबाई भाकरी घेऊन आली ती रेघ पाहूनच आली. घाबरलेली नव्हती. तिनं फडकं सोडलं, भाकरीवर कांदा ठेवला, आणि म्हणाली, "खणायचीच असंल जागा तर तुमी खणा. परक्याचा हात नगं लागाया. मी बोललेय मुकादमाशी. व्हय म्हणतोय."

"अगं, पण..."

"तुमीच ठेवलीय नव्हं? तुमीच उचला. दुसरीकडं ठिवू. नदीच्या अंगाला."

त्यांनी भाकरीचा घास घेतला आणि तो तोंडात तसाच राहिला. तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. विशालाक्षीला, पस्तीसमधल्या घोषबाईला, निर्वासितांच्या कॅम्पातून पापडांची टोपली घेऊन दारोदार येणाऱ्या सिंधी पारपतीबाईलासुद्धा. खुणांनी, मराठीत, हिंदीत, कशाकशात. आता ती जागा एकटीची राहिली नव्हती.

दोन दिवस सोपानरावांनी फेऱ्या मारल्या. काय सापडणार? मुरूम. मग काळी माती. मग मुरूम. ती काठावर उभी असणार, आणि मातीतून काही निघणार नाही, आणि ती मातीकडून त्यांच्याकडे नजर वळवणार. नंतर, ती त्यांच्यातून पलीकडे पाहायला लागणार. पुन्हा भांड्यांचे आवाज. ह्या वयात पुन्हा. पुरताना मुलीला धोतराच्या फाडलेल्या पदरात गुंडाळलं होतं; सोपानरावांनी घरातलं जुनं धोतर फाडून हातभर चिंधी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. चौदा वर्षांत चिंधीची माती होते हे कुणाही शेतकऱ्याला कळतं, त्यांनाही कळत होतं. तरी ठेवली. खिशात ती ऊबदार लागायची, आणि त्यांना लाज वाटायची, आणि ते पुन्हा चाचपून पाहायचे आहे का.

परवा उजाडला. दहाच्या सुमारास ऊन अंगणात उतरलं होतं. ज्योतीरामनं आपली माणसं अठ्ठावीसकडे लावली आणि कुदळ सोपानरावांच्या हातात दिली. त्या दिवशी तो हसला नाही. विशालाक्षी पितळी पेल्यात दूध आणि ओंजळभर मोगरा घेऊन मागल्या पायरीवर बसली होती. घोषबाई डोक्यावर पदर घेऊन आली होती. पारपतीबाई टोपली उतरवून तारेपाशी उकिडवी बसली होती, पापडांवर कोरडं फडकं, फडक्यावर हात. अंबुबाईनं पुडीत मीठ आणलं होतं. प्रत्येकीच्या मुलखात अशा वेळी काय करतात ते वेगळं असणार. गप्प बसणं मात्र सगळ्यांचं एक होतं.

पहिल्या घावाला रांगोळीचे ठिपके मोडले. मुरूम निघाला. दुसरा, तिसरा. घोट्याएवढं. सोपानराव माती हातांनी उपसत होते, कुदळ जपून मारत होते, जसं खरंच काही असावं; मग त्यांच्या ध्यानात आलं की हे जपणंही खोटं आहे, आणि ते जोरानं खणू लागले. गुडघ्याएवढं. काळी माती आली, ओलसर, त्यांच्या ओळखीची. तिचा वास त्यांच्या लहानपणाचा होता. त्यांना कधी नव्हे ते आठवलं की आई रानात एका बाजूनं कधी चालत नसे. दुपारची भाकरी घेऊन यायची ती पाणंदीनं सरळ न येता मधेच वळायची, रानाच्या एका तुकड्याला वळसा घालायची, आणि आबा म्हणायचे, "सरळ ये की. वाट काय वाघ हाय?" आई तरी वळूनच यायची. सोपानराव सहा-सात वर्षांचे असतील. ते कुठलं रान होतं? डोझरनंतर कुठलं रान कुठे, हे कुणाला सांगता येत नाही. कुदळ मातीत अडकली. खिशातली चिंधी छातीला लागत होती. आता, वाकून, पाठ बायांकडे करून, आता टाकता येईल. त्यांनी हात खिशाकडे नेला आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताच्या बोटांना काहीतरी गार लागलं.

वाळं होतं. तान्ह्या मुलाच्या पायातलं, काळं पडलेलं, चेपलेलं, करंगळी आणि अंगठा जुळवला तर होतो तेवढ्या घेराचं. मातीचा गोळा त्याच्या आत घट्ट बसला होता, जसा पाय बसावा.

सोपानराव खड्ड्यात गुडघे टेकून राहिले. ते इतका वेळ राहिले की पायरीवर विशालाक्षीच्या मुलीनं एकदा तोंडानं पाण्यासारखा आवाज केला तो सगळ्यांना ऐकू आला. मग अंबुबाई पुढे आली, वाकली, आणि त्यांच्या तळहातावरून तिनं ते उचललं. पदरानं पुसलं. उन्हात धरलं.

"माझ्या लेकीच्या पायात वाळं नव्हतं," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. सोपानरावांनी वर पाहिलं नाही. त्यांना तिच्या पायांची बोटं दिसत होती, जोडवी, मातीनं माखलेली नखं. झालं, त्यांना वाटलं. झालं.

"कुणाच्या तरी होतं," ती म्हणाली. तिनं मिठाची पुडी सोडली, मूठभर मीठ खड्ड्यात टाकलं, आणि विशालाक्षीला हातानं बोलावलं. विशालाक्षीनं दूध ओतलं, मोगरा टाकला. घोषबाई तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. वाळं अंबुबाईच्या मुठीत राहिलं. ज्योतीराम पलीकडून म्हणाला, "सुतळी सरकवतो मी हातभर. सायबाला काय सांगायचं ते सांगीन," आणि आपल्या माणसांवर उगीचच खेकसायला गेला.

सोपानराव खड्ड्यातून वर आले. हातांना माती होती. पुसावी की राहू द्यावी कळेना. ही अजून बोलतेय. पण कुणाशी? त्यांच्याशी की जागेशी? त्यांना विचारायचं होतं; विचारायला तोंड उघडलं तर समोर पारपतीबाई उभी होती. टोपली तारेपाशीच राहिली होती. नऊ-दहा वर्षं ती कॅम्पातल्या लष्करी बराकीत राहत होती आणि कॉलनीभर हिंडत होती, पण पापडाच्या भावाखेरीज तिचं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "माझा पण सांग."

"काय सांगू, बाई?"

"जहाजात गेला. चार महिन्याचा होता. कराची सुटली, दुसऱ्या दिवशी. ते बोलले, पाण्यात सोडा. सोडला." तिनं हातानं दाखवलं, ओंजळ करून, मग ओंजळ उघडून. "मी कुठे जाऊन बसू, भाऊ? पाण्याला दरवाजा नाय. तू हिला घर दिलं. मला पण घर सांग."

सोपानरावांनी अंबुबाईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती, त्यांच्यावर, त्यांच्यातून नव्हे, किती वर्षांनी. मुठीतलं वाळं तिनं दुसऱ्या हातात घेतलं.

"सांगा की," ती म्हणाली. "मला सांगितलंत तसं सांगा तिला."

तसं. म्हणजे तिला माहीत होतं. आत्ता, वाळं पाहून कळलं, की त्या दुपारी फाटकापाशी, व्हय का म्हणाली तेव्हाच कळलं होतं? हे त्यांना कधी विचारता येणार नव्हतं. त्यांनी मान वर करून समोर पाहिलं. दोनशे निळी दारं उन्हात उभी होती, आत कुठे कुठे डाळीला फोडणी पडत होती, प्रत्येकीचा वास निराळा. टाकीजवळचं घर नको, त्यांच्या मनात आलं. नळाजवळचं नको. मोरीजवळचं नको. पाण्यापासून लांबचं हवं, कोरडं, दार उगवतीला असलेलं. ते एकेक ओळ नजरेनं चाळत होते, अजून काही ठरत नव्हतं, आणि पारपतीबाई चालायलाही लागली होती. तिला घर दिसलं होतं. सोपानरावांनी पाहिलं तर त्यांचा हात वर गेलेला होता. तो कुठल्या दारावर थांबला आहे हे कळायला त्यांना मान वळवावी लागली.